ऑइल पेंट, पॉलिश की पीयू? शेड कार्ड उघडायच्या आधी लाकडाचं फिनिश असं ठरवा

घरात रंगकाम निघालं की आधी शेड कार्ड येतं. वॉलनट का टीक का आयव्हरी यावर चार दिवस घरात वाद होतात, आणि फिनिश कोणतं हा प्रश्न शेवटी पॉलिशवाल्यावर सोडून दिला जातो, मग तो त्याच्या हाताला जे बसलंय ते मारून मोकळा होतो. पुढच्या पावसाळ्यात बाथरूमच्या दाराचे पापुद्रे निघाले की शिव्या कंपनीला. खरं तर कंपनी बहुतेक वेळा ठीकच असते, फिनिश चुकलेलं असतं किंवा खाली जे होतं त्याच्यावर ते बसणारंच नसतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी लाकूड, मग जुना थर, मग जागा, मग फिनिश, मग चमक, आणि शेड सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

१. लाकूड नक्की कोणतं आहे ते बघा

एकाच दारात दोन-तीन प्रकारचं लाकूड असतं. चौकट सागाची किंवा साल झाडाच्या लाकडाची, दार म्हणजे विनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेलं फ्लश डोअर, त्याच्या कडेला सागाची लिपिंग पट्टी, आणि शेजारच्या ट्रॉलीची झडपं एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची. सगळ्यांना एकच फिनिश हा हट्ट इथेच सोडा.

सागाच्या रेषा देखण्या असतात, त्यावर पेंट मारायला जीव होत नाही, पॉलिश किंवा क्लिअर पीयूच (पॉलियुरेथेनचा पारदर्शक कोट) शोभतं. पण साग तेलकट असतो, त्यामुळे कोट मारायच्या थोडं आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर काही ठिकाणी कोट वाळता वाळत नाही. साल किंवा मिक्स हार्डवूडची चौकट असेल तर सरळ पेंट करा, तिथे पॉलिशवर पैसे घालून फार काही हाताला लागत नाही. विनिअर असेल तर एक लक्षात ठेवा, तो पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, मशीन फिरवली की कडेला खालचा प्लाय दिसायला लागतो आणि त्याला मग काही इलाज नाही. एमडीएफ समोरून गुळगुळीत पण त्याची कापलेली कड स्पंजसारखी रंग पिते, त्या कडा आधी सील केल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

*तपासा:* चौकटीचा खालचा वीतभर भाग स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागला, भुसा आला, तर वाळवी आहे किंवा पाणी लागतंय. आधी त्याचा बंदोबस्त, रंगाचं नंतर.

२. वर आधी काय मारलंय ते शोधा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि निम्म्या तक्रारी इथूनच येतात. जुन्या फिनिशचं नाव कुणालाच आठवत नसतं, "पॉलिश आहे" एवढंच. पॉलिश म्हणजे चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, मेलामाइन, पीयू, यातलं काहीही असू शकतं. त्यासाठी कापसाची टेस्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे.

दाराची अशी जागा निवडा जी दिसत नाही, बिजागरीच्या बाजूची कड सगळ्यात चांगली. ती साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा, कारण हाताचा तेलकटपणा राहिला तर टेस्ट फसते. कापसाचा बोळा पॉलिशच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये बुडवून मिनिटभर धरा आणि घासा. कापसाला तपकिरी चिकट लागलं, पृष्ठभाग बोटाला चिकटायला लागला, तर ते लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे. रंगीत पेंट असेल आणि तो स्पिरिटने मऊ होऊन कापसाला लागला, तर तो पाण्यातला (वॉटर-बेस्ड) आहे. काहीच झालं नाही तर दुसरा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून बाजूलाच धरा. विरघळलं तर एनसी लॅकर. सुरकुत्या पडून पापुद्रा फुगला तर जुना ऑइल पेंट किंवा तेलातलं व्हार्निश. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू समजा.

आता याचा उपयोग काय, तर पुढचं सगळं यावर ठरतं:

- लाखेच्या पॉलिशवर किंवा मेणावर पीयू धरत नाही. पूर्ण उतरवून कोऱ्या लाकडावर यावं लागतं.
- जुन्या ऑइल पेंटवर एनसी, ड्युको (एनसीचाच रंगीत पेंट) किंवा मेलामाइन मारलं तर त्यातला कडक थिनर खालचा थर उचलतो, सगळं दार सुरकुततं.
- जुन्या चकचकीत ऑइल पेंटवर पाण्यातला इनॅमल थेट मारला तर दिसतो छान, पण महिन्याभराने नखाने सोलून निघतो. चमक पूर्ण मारून, प्रायमर देऊनच.
- मेलामाइन किंवा पीयू घट्ट बसलेलं असेल तर ते उतरवायची गरज नाही, नीट घासून त्यावर प्रायमर आणि पेंट करता येतो.

*थांबा:* घर जुनं असेल तर पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठेवायचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि जुन्या वाड्यातल्या किंवा चाळीतल्या चौकटीवर असे कितीतरी थर असतात. वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, चिखल कागदावर गोळा करून टाका, आणि लहान मुलं व गरोदर बाई त्या दिवसांत दुसरीकडे राहिलेल्या बऱ्या. ब्लो लॅम्पने जाळून रंग काढणं तर पूर्णच टाळा.

३. त्या लाकडाला काय काय सोसायचंय

घरभर फिरा आणि एकेका वस्तूचं लिहून काढा. मुख्य दाराला हात लागतात, तोरणासाठी खिळे ठोकले जातात, जिन्यातून ऊन-पाऊस येत असेल तर बाहेरची बाजू इंटीरिअर समजायचीच नाही, बाहेरच्या ग्रेडचं फिनिश लागतं. बाथरूमच्या दाराला खालच्या फूटभर भागात रोज पाणी. ओट्याखालच्या झडपांवर फोडणीचा तेलकट थर आणि तो काढायला बायका वापरतात ती घासणी. देवघराला समईची काजळी, तेल आणि हळद-कुंकू. बाल्कनीच्या दाराला दुपारचं ऊन. बेडरूमच्या दाराला यातलं काहीच नाही, तिथे स्वस्तात भागवा.

माझं मत विचाराल तर बजेट कमी असेल तेव्हा सगळ्या घराला मधलं फिनिश मारण्यापेक्षा स्वयंपाकघर, बाथरूम आणि मुख्य दार यांना चांगलं मारावं आणि बाकीच्यांना साधा इनॅमल. सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे ही हौस महागात पडते.

४. आता फिनिश निवडा

*सिंथेटिक इनॅमल, म्हणजे आपला ऑइल पेंट.* सगळ्यात स्वस्त, ब्रशने होतो, दुरुस्ती सोपी. वास आठवडाभर रेंगाळतो. मोठा दोष असा की पांढरा आणि ऑफव्हाइट अंधारात पिवळा पडतो. कपाटाच्या आतला भाग, दारामागची भिंतीकडची बाजू, कॅलेंडर लटकवलेली जागा, इथे उजेड लागत नाही म्हणून तिथे आधी पिवळेपणा येतो. गडद रंगाला हा प्रश्न नाही.

*पाण्यातला इनॅमल.* वास कमी, पांढरा बराच पांढरा राहतो, त्याच दिवशी दुसरा हात देता येतो. पण घाईने वाळतो म्हणून ब्रशच्या रेषा राहतात, आणि साग किंवा साल यांच्यावर थेट मारला तर लाकडातला रंग वर येऊन तपकिरी डाग पडतात. तिथे खाली तेलातला प्रायमर हवा. राहत्या घरात, घरात दम्याचं माणूस असेल तर मी हाच सुचवेन.

*स्पिरिट पॉलिश.* जुन्या शिसवी किंवा सागवानी फर्निचरला याच्यासारखं काही नाही, खोली दिसते त्याला. पण गरम कप ठेवला की पांढरं कडं, पाणी सांडलं की डाग, आणि सॅनिटायझर सांडला तर विरघळतंच. कपाट, घड्याळाची पेटी, झोपाळ्याच्या कड्या जिथे अडकतात ती तुळई यांना चालेल. डायनिंग टेबलला नको.

*मेलामाइन.* पॉलिशवाल्यांचं आवडतं, कारण पटकन वाळतं आणि लगेच चकाकतं. पीयूपेक्षा स्वस्त, ओरखड्याला बरं. मात्र ते ठिसूळ असतं, धक्का बसला तर टवका उडतो, ऊन-पाण्यात टिकत नाही, आणि वाळताना फॉर्मल्डिहाइड सुटतं त्याने डोळे चुरचुरतात. फक्त आतल्या, कोरड्या जागी.

*पीयू.* सगळ्यात महाग आणि दणकट, पाणी, हळद, घासणी सगळं सोसतं. दोन डब्यांचं म्हणजे बेस आणि हार्डनर असलेलं पीयू बहुधा स्प्रेने मारतात. एका डब्यातलं ब्रशने मारता येतं, ते जरा मऊ राहतं पण घरच्या दारांना पुरे. पांढरा पीयू किंवा उन्हातलं दार असेल तर दुकानात 'नॉन-यलोइंग' असंच मागा, साधा पीयू उन्हाने पिवळा होतो. पाण्यातलं पीयू पण मिळतं, वास नाही, पण सागावर ते जरा फिकं दिसतं, तेलातल्या कोटसारखी ऊब येत नाही.

*थांबा:* दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. स्प्रे चालू असताना कापडी मास्क लावून काही उपयोग नाही, मारणाऱ्याला कार्ट्रिजवाला मास्क हवा आणि बाकी कुणी त्या फ्लॅटमध्ये थांबायचं नाही. "आम्ही रोजच करतो साहेब, काही होत नाही" हे ऐकून गप्प बसू नका.

५. चमक ठरवा

चमक जितकी जास्त तितके खड्डे, लांबीचे (खड्डे बुजवायच्या पुट्टीचे) ठिगळ, घासल्याच्या रेषा जास्त दिसतात. ग्लॉस पुसायला सोपा असतो हे खरं, पण जुन्या ठेचाळलेल्या चौकटीला ग्लॉस मारणं म्हणजे तिचे सगळे दोष टॉर्च मारून दाखवणं. दुसऱ्या टोकाला पूर्ण मॅट, फोटोत फार छान, आणि हँडलभोवती दोन महिन्यांत बोटांचा काळपट तेलकट पट्टा, घासला की तेवढाच भाग चमकायला लागतो. रोज हात लागणाऱ्या वस्तूला सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस घ्या. मॅट टीव्ही युनिटच्या मागच्या पॅनेलला, ग्लॉस नवीन गुळगुळीत दाराला आणि बाथरूमला.

एक ट्रिक आहे क्लिअर कोटसाठी. मॅट हवा असेल तरी खालचे कोट ग्लॉसचे आणि फक्त शेवटचा मॅटचा, कारण मॅटचे थर एकावर एक चढवले की लाकूड धुरकट दिसतं.

६. महिना बघा, माणूस बघा

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टला हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत लाखेचं पॉलिश, एनसी आणि मेलामाइन यांच्यावर पांढरट धुकं येतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. पीयूचा हार्डनर तर पाण्याशीच रिॲक्ट होतो, बारीक बुडबुडे येतात. पावसात काम अडलंच तर उघडीप बघून दुपारी करा, संध्याकाळी नको.

आणि दिवाळीच्या आधी रंगकाम काढायची आपली पद्धत लाकडाच्या दृष्टीने फार वाईट वेळेची आहे. पाऊस ऑक्टोबरात जेमतेम जातो, दारं अजून फुगलेली असतात, सुतार रंधा मारून ती बसवून देतो, त्यावर लगेच रंग, आणि जानेवारीत लाकूड आकसलं की बोटभर फट. भिंती दिवाळीआधी करा, दारं नोव्हेंबर ते मे या काळात कधीही. घरच्यांना पटवणं अवघड आहे, मान्य.

माणसाचं म्हणाल तर रंगारी आणि पॉलिशवाला हे वेगळे लोक आहेत. भिंतीच्या रंगाऱ्याला "जाता जाता दारांना पीयू पण मारून दे" सांगू नका. रेट ठरवताना स्क्वेअर फुटाचा भाव मटेरियलसकट आहे का, सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा कोट) किती हात, टॉप कोटचे किती, दाराच्या जाडीची बाजू धरली आहे का, हे विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ७ बाय ३ फुटांचं दार एका बाजूने २१ स्क्वेअर फूट, दोन्ही बाजू ४२, चौकट वेगळी. हा हिशोब तुम्हाला येतोय हे दिसलं की निम्मी भानगड मिटते.

७. आधी तुकड्यावर करून घ्या

शेड कार्डावरचा वॉलनट आणि तुमच्या विनिअरवरचा वॉलनट यांचा काहीही संबंध नसतो. सुताराकडे त्याच प्लायचा, त्याच विनिअरचा फूटभर तुकडा उरलेला असतो, तो फेकायच्या आत मागून घ्या. त्यावर पूर्ण क्रम करून घ्यायचा, नुसता स्टेन (लाकडात मुरणारा रंग) फासून नाही, सीलर आणि टॉप कोटसकट, कारण वरचा कोट बसला की शेड गडद होते.

आठवड्याने पूर्ण कडक झाला की त्या तुकड्याला छळा. तेलात कालवलेली हळद तासभर ठेवा. गरम चहाचा कप ठेवा. ओलं फडकं रात्रभर ठेवा. नखाने कोपरा खरवडा. नंतर तुकडा ट्यूबलाइटखाली आणि खिडकीपाशी दोन्हीकडे बघा, रंग इतका वेगळा दिसतो की कधी कधी आख्खी शेड बदलावी लागते. ती इथे बदललेली परवडते.

८. कामाचा क्रम

कोणतंही फिनिश असो, आधी कडी-कोयंडे, हँडल, लॉकची पट्टी काढा, बिजागऱ्यांवर मास्किंग टेप. हँडलच्या भोवतीने ब्रश फिरवून रंगवलेलं दार लांबूनही ओळखू येतं. जमत असेल तर दार उतरवून आडवं ठेवा, ओघळ येत नाहीत.

*पेंट असेल तर:*

१) १२० मग १८० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासा, धूळ आधी ब्रशने, मग किंचित ओल्या फडक्याने काढा.
२) वूड प्रायमरचा पातळ हात, रात्रभर वाळू द्या.
३) आता लांबी भरा. कोऱ्या लाकडावर थेट लांबी भरायची नाही, लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि ती तडकून पडते. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लाकडाला अजिबात नको, रंगाऱ्याकडे ती उरलेली असते म्हणून तो तीच लावतो, डबा बघा.
४) लांबी वाळली की १८० ने घासून पुन्हा प्रायमर. हा दुसरा प्रायमर गाळला तर लांबीचे ठिगळ वरून मंद दिसतात.
५) इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये ३२० च्या पेपरने हलकं घासा. एक जाड हात म्हणजे दोन पातळ नव्हेत, जाड थराला वरून साय धरते आणि आत ओलं राहतं.

पॅनेलच्या दाराला आधी खाचा आणि पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या, शेवटी कडा.

*पॉलिश, मेलामाइन किंवा क्लिअर पीयू असेल तर:* कोरं लाकूड १८० वर थांबवा, फार तर २२०. ४०० ने घासून काच केली तर स्टेन आत शिरत नाही, धब्बे पडतात. आडवं घासलेलं आत्ता दिसत नाही, स्टेन लागला की प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, म्हणून घासून झालं की मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा. मग स्टेन, तो वाळला की सीलरचा हात, त्यानंतर खिळ्यांची भोकं स्टेनच्या रंगाशी जुळवलेल्या फिलरने, ३२० ने घासणं, पुन्हा सीलर, पुन्हा घासणं, मग टॉप कोट. शेड कमी वाटली तर ती सीलरच्या आधीच वाढवून घ्या, सीलरनंतर फासलेला स्टेन आत जात नाही.

*तपासा:* दाराची वरची आणि खालची कड. वरची बघायला मोबाइलचा कॅमेरा दारावर धरून फोटो काढा. दहातल्या आठ घरांत कोरं लाकूड दिसेल, असं मला तरी वाटतं. खालच्या कडेने तर बाथरूमचं पाणी सरळ वर चढतं आणि बाहेरून कितीही महाग पीयू मारलेला असो, आतून दार फुगतं. दार उतरवलेलं असतानाच दोन्ही कडांना पूर्ण कोट द्या, हे रंगाऱ्याला सांगून भागत नाही, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं.

हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, अंदाजाने नाही. जास्त घातला तर लवकर वाळेल असं नसतं, कोट ठिसूळ होतो. दोन तासांत संपेल तेवढंच कालवा, उरलेलं परत डब्यात ओतलं तर डबा पण गेला.

९. शेवटचा हात झाल्यावर

हाताला कोरडं लागणं आणि कडक होणं यात आठवड्याचा फरक आहे, ऑइल पेंटला तर त्याहून जास्त. दार दोन-तीन दिवस पूर्ण लावू नका, विशेषतः पाण्यातला इनॅमल असेल तर, दार चौकटीला चिकटतं आणि ओढलं की दोन्हीकडचा रंग निघतो. रात्री लावावंच लागलं तर मध्ये प्लास्टिकचा पट्टा धरा. ऑइल पेंटला वाळायला हवा लागते, म्हणून धूळ नको म्हणून खिडक्या गच्च बंद करून ठेवू नका. पहिले १५ दिवस साबण, कॉलिन, ओलं फडकं काही नाही.

जवसाच्या तेलाची किंवा तेलातल्या स्टेनची फडकी गोळा करून पिशवीत कोंबू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बादलीभर पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

उरलेल्या पेंटमधून औषधाच्या बाटलीएवढा काचेच्या बाटलीत काढून ठेवा, वर कंपनी, शेड नंबर, चमक आणि कोणत्या दाराचा ते लिहा. पीयू असेल तर बेस आणि हार्डनर वेगवेगळे.